घरचं शून्य

"बाई, तुमची घरची नापास झाली."

नवे केमिस्ट दारात उभं राहून हे म्हणाले तेव्हा बाई चाळणी झटकत होत्या. दुसऱ्या गावच्या लॅबमधून बदलून आल्याला त्यांना जेमतेम महिना झाला होता आणि सगळे त्यांना बदलीवाले म्हणत. त्यांच्या बोलण्यावर हसायचं असतं हे आता ठरूनच गेलं होतं, म्हणून खल घेऊन बसलेल्या दोघीजणी हसल्या. वाक्यही तसंच होतं, कुणाची बायको परीक्षेत आपटावी तसं. बाईही हसल्या, नेहमीसारख्या ओठ मिटून, अर्ध्याच. आणि त्या अर्ध्या हसण्यातच त्यांच्या पाठीवरून काहीतरी गार सरकत खाली गेलं, भिंतीवरून पाल सरकावी तसं, आवाज न करता. त्यांनी चाळणी टेबलावर ठेवली. ती नीट बसली नाही, डगमगली, म्हणून तिच्यावर हात ठेवला. "कोण घरची?" त्यांनी विचारलं. खरं तर त्यांच्याइतकं कुणालाच ते माहीत नव्हतं.

"ती बरणी हो. वरच्या फळीवरची. 'घरची' अशी चिठ्ठी आहे तिच्यावर. मला वाटलं, कुणाच्या परसातला नमुना तपासायचा राहून गेलाय. आजच्या रांगेत लावून टाकला." बदलीवाल्यांनी हातातला कागद डोळ्यांपासून लांब धरला. "शिसं, सहाशे बारा. आपल्या तक्त्यातली लाल रेघ तीनशेला. कुणाचं घर आहे हे? सांगा त्यांना, भाजी लावायची सोडा, तिथे अनवाणी उभंसुद्धा राहू नका म्हणावं."

खल पुन्हा घसघस फिरायला लागले. लॅब नेहमीसारखीच होती: खिडकीखाली वाळत घातलेल्या मातीचे ट्रे, प्रत्येकात शेताचा नंबर लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा, आम्लाच्या कपाटातून येणारा तो आंबूस दर्प, जो घरी गेल्यावरही पदराला चिकटून यायचा. तांबड्या, काळ्या, राखी, शेवाळी मात्या. मातीचं अनेकवचन या लॅबबाहेर कुणी फारसं करत नाही. बाई त्या ट्रेंकडे बघत राहिल्या आणि त्यांना वाटलं, आपण आता बोललो तर आवाज आपला येणार नाही.

घरची म्हणजे त्यांच्या घरची. तीस वर्षांपूर्वी ही लॅब दोन खोल्यांची होती आणि थोरले साहेब तिचे सर्वेसर्वा होते. थोरल्या साहेबांचं एक म्हणणं होतं आणि ते कधी खाली पडू द्यायचे नाहीत: मातीला मातीशीच तोलायचं. यंत्राचं शून्य नुसत्या कोऱ्या आम्लावर लावतात, असं पुस्तकात होतं. साहेब म्हणायचे, पुस्तक लिहिणाऱ्याने चिखलात पाय घातलेला नाही. आम्लात काही नसतंच, त्याच्याशी मातीची तुलना कशी होईल? एक चांगली, खत न पाहिलेली, नांगर न लागलेली माती आणा, तिच्यावर शून्य लावा, मग बाकीच्यांचं खरंखोटं कळेल. अशी माती कुठे मिळणार? शेतांत तर खत पडलेलंच. तेव्हा नुकत्याच लागलेल्या, नुकत्याच लग्न झालेल्या, खाली मान घालून बोलणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या होत्या, "आमच्या अंगणातली आणू का? तिथे कधी काहीच टाकलेलं नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी कापडी पिशवीतून ती आणली. काळीभोर, मऊ, मुठीत दाबली तर लाडानं आकार धरणारी. साहेबांनी चिमटीत घेऊन हुंगली आणि म्हणाले, "वा! ही तर घरची दिसते." त्या दिवसापासून तो शब्दच होऊन बसला. घरची लावलीस का? घरची संपत आली, आणा. घरचीवर शून्य करून घे आणि मग पुढचे चढव. नव्या आलेल्या माणसाला कुणी समजावून सांगत नसे. तो आपोआप म्हणायला लागे. बदलीवाले मात्र नव्या यंत्राबरोबर आले. त्याला कोरं आम्ल लागायचं, शून्य त्याच्यावरच व्हायचं, आणि गेला महिनाभर घरची फळीवर नुसती बसून होती.

बाईंचा एक नेम होता. रोज सकाळी पहिला नमुना चढवायच्या आधी त्या घरचीच्या बरणीवर हात ठेवून घटकाभर डोळे मिटून बसायच्या. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नसे. शिपायालाही माहीत होतं. त्या काय म्हणतात हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं काही नव्हतंच. आज माझ्या हातून कुणाचं वाईट होऊ नये, एवढंच. एवढंच म्हणून त्या शून्य लावायच्या. तीस वर्षं. आजारपणाचे आणि बाळंतपणाचे दिवस सोडले तर एकदाही चुकलं नाही.

"परत लावा," त्या बदलीवाल्यांना म्हणाल्या. आकडा दोनदा वाचल्याशिवाय लिहायचा नाही हा त्यांचा दुसरा नेम. यंत्राची निळी ज्योत स्थिर होती. बारीक नळीतून तो पिवळसर काढा वर ओढला गेला आणि ज्योतीचा रंग तसूभरही बदलला नाही; शिसं दिसत नाही, ते नुसतं मोजता येतं. पाचशे अठ्ठ्याण्णव. पुन्हा. सहाशे वीस. "आता ही," म्हणून त्यांनी खालच्या कपाटातली प्लास्टिकची पिशवी काढली. तीन महिन्यांपूर्वी बरणी भरायला म्हणून आणलेली, अजून न फोडलेली. ही नळाजवळची होती. नळाजवळ ओल असते, खुरपं सहज जातं, गुडघे दुखत असल्यामुळे त्यांनी या वेळी तिथूनच काढली होती. वाळवणं, कुटणं, चाळणं, उकळणं, दोन तास गेले. बाई स्टुलावर बसून राहिल्या. जेवणाचा डबा उघडला नाही. त्या पिशवीत त्या माती भरत होत्या तेव्हा एक इवलीशी मूठ मध्ये आली होती आणि तिनेही आपली माती आत टाकली होती, मोठं काम केल्यासारखी. मग तीच मूठ तोंडाकडे गेली होती. आणि बाई हसल्या होत्या.

नळाजवळची नऊशे चाळीस निघाली.

बेडकी त्यांची नात, लेकीची मुलगी. पावणेदोन वर्षांची. दिवसभर अंगणात उकिडवी बसते म्हणून आजोबांनी तिचं नाव बेडकी ठेवलं होतं आणि आता तिच्या आईबापांच्याही तोंडी तेच होतं. लेक आणि जावई कामावर जाताना तिला सोडून जायचे. लेक चष्म्याच्या दुकानात, जावई त्याच्या पुढच्या चौकात. बेडकीला माती आवडायची. पहिल्यांदा तिने बोट बुडवून चाटलं तेव्हा लेक ओरडली होती, "आई, अगं बघ ना, तोंडात घालतेय!" आणि बाई म्हणाल्या होत्या, काय म्हणाल्या होत्या? स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना आपलाच आवाज ऐकू आला, शांत, समजूतदार, जरासा अभिमानाचा: "घालू दे गं. दुकानातल्या बिस्किटाची मला खात्री नाही, पण ही माती मी स्वतः तपासलेली आहे. एकदा नाही, रोज तपासते." लेकीने खांदे उडवले होते. तू आहेस म्हणजे मला काळजी नाही, असं ती म्हणाली नव्हती, पण खांदे तसेच उडवले होते. त्यानंतर ती कधी ओरडली नाही. बाईंच्या शब्दावर तिने पोर त्या अंगणात सोडून दिली होती.

आणि रोज तपासते हे खोटंही नव्हतं. हेच सगळ्यात वाईट होतं. त्या रोज ती माती यंत्राला दाखवायच्या आणि यंत्राला सांगायच्या, हिला शून्य म्हण. यंत्र बिचारं म्हणायचं. मग शेतातली चांगली माती आली की आकड्याआधी वजाची रेघ यायची. पहिल्यांदा आली तेव्हा थोरल्या साहेबांनी मिशीवरून हात फिरवला होता. "यंत्राची खोड आहे," म्हणाले होते, "शून्याखाली गेलं की 'आढळले नाही' लिहायचं." पुढे पुढे वजा आली की लॅबमध्ये आनंदच व्हायचा. अमक्याची माती इतकी स्वच्छ की शून्यालाही लाज वाटावी, असं कुणीतरी म्हणायचं. बाईंनी ते दोन शब्द किती वेळा लिहिले असतील? आढळले नाही. त्यांचं अक्षर सुरेख होतं, ळ ची गाठ त्या हळुवार मारायच्या. चुकून एखादी माती वजा न येता ऐंशी-नव्वद दाखवायची, मग त्या ऐंशी लिहायच्या आणि लाल रेघ तीनशेला असल्यामुळे शेतकऱ्याला सांगायच्या, काही नाही, लावा खुशाल. ऐंशी म्हणजे खरं तर घरचीचे सहाशे बारा धरून सहाशे ब्याण्णव. कागदावर मांडायचीही गरज नव्हती. हे गणित बेडकीलाही दोन वर्षांनी आलं असतं. आलं असतं, या शब्दाशी त्या थांबल्या. त्यांनी मनातच ते खोडलं आणि 'येईल' केलं.

"काय लिहू?" बदलीवाले विचारत होते. त्यांचं हसणं आता गेलं होतं. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, किंवा बाईंचा चेहरा बघून कळलं असावं. "बाई, तसं बघितलं तर हा नमुना नोंदलेलाच नाही. नंबर नाही, तारीख नाही. म्हणजे... तो आलाच नाही असंही आहे."

"जे आलं ते लिहा."

"आणि घर कुणाचं, त्या रकान्यात?"

"ते मी लिहिते." त्यांनी पेन घेतलं आणि पत्ता लिहिला. नेहमीसारखंच सुरेख अक्षर आलं आणि त्या अक्षराची त्यांना शिसारी आली.

साहेबांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावरचे कागद काचेच्या गोट्यांनी दाबून ठेवले होते. आताचे साहेब तरुण होते, बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि त्यांच्याशी नेहमी आदराने वागायचे. त्यांनी कागद वाचला, मग दार लावून घेतलं. "बाई, तुमचं काम आम्ही इतकी वर्षं दाखला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "जुनं यंत्र गेलं भंगारात. जुने साहेब आता राहिले नाहीत. आजपासून सगळं बरोबर होतंय ना? झालं तर. एका बरणीसाठी तीस वर्षं उकरत बसायची का?" आवाज मऊ होता, समजावणीचा. घरातल्या मोठ्या माणसाने समजावावं तसा. बाईंना वाटलं, हाच आवाज आपण वापरतो. शेतकऱ्यांशी. लेकीशी. घालू दे गं. "उकरावी लागतील, साहेब," त्या म्हणाल्या, "मी यादी करीन. पण आज मला अर्धा दिवस सोडा." साहेबांनी मान वर केली. बाईंनी अर्धा दिवस मागितल्याचं लॅबमध्ये कुणाला आठवत नव्हतं.

रस्त्यात दुपार होती. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि शहर मागे जाऊ लागलं: रंगाची दुकानं, गॅरेजं, दोन इमारतींच्या मधल्या फटींत कुणीतरी डब्यांतून लावलेला हिरवा पाला. पूर्वी असा पाला दिसला की त्यांना बरं वाटायचं. आता प्रत्येक डब्याकडे बघताना त्या डब्यातली माती कुठून आली असेल असं मनात यायचं. जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव होती. ती चव कालही होती का? परवा? त्या आठवायला लागल्या. आठवायला लागलं की सगळंच आठवतं आणि सगळंच बदलून आठवतं. बेडकी गेले दोन महिने खात नाही, दात येत असतील. बेडकीचं पोट साफ होत नाही, उन्हाळा आहे. बेडकी उगाच किंचाळते, आईबाप दिवसभर नसतात, लाडावली आहे. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे एक शांत उत्तर होतं, जणू त्याही आकड्यांतून त्या रोज काहीतरी वजा करत होत्या. बेडकी बोलायला लवकर लागली होती. पाणी, आजी, भुर्र, नाई, माझं. लेकीने कॅलेंडरवर शब्द लिहून ठेवले होते, अकरा झाले होते. मग कॅलेंडरवर लिहिणं थांबलं. लेकीला वेळ नाही म्हणून थांबलं असं बाईंनी धरून चाललं होतं. आता बसच्या खिडकीला डोकं टेकून त्यांनी मोजायचा प्रयत्न केला, परवा दिवसभरात बेडकी काय काय म्हणाली? 'दे' म्हणाली. हात पुढे करून, दे. दुसरं काही आठवेना. कंडक्टरने दोनदा विचारलं, आजी, उतरायचंय ना? तेव्हा त्यांना कळलं की आपला थांबा आला आहे.

पण माती अशी झाली कशी? हा प्रश्न त्यांना गल्लीच्या तोंडाशी पडला, इतक्या उशिरा पडला याचं त्यांना आश्चर्य वाटलं. खत नाही, कारखाना नाही, जवळून नालासुद्धा जात नाही. माणूस तीस वर्षं ज्या अंगणात कपडे वाळत घालतो त्याला तो कधी कुळकथा विचारत नाही. फाटक उघडं होतं. नवरा अंगणात खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर पेपर, चष्मा कपाळावर. आणि नळाजवळ, तिच्या नेहमीच्या जागी, पाठमोरी बेडकी. तिच्या मानेवरचे बारीक केस घामाने चिकटले होते. उन्हात तिची मान फार पांढरी दिसली.

बाईंनी तिला उचललं. बेडकी किंचाळली, पाठ ताठ करून मागे झुकली. बाईंनी तिच्या तोंडात बोट घालून गाल पुसून काढले, आतून. बोट काळं निघालं.

"अगं, काय हे? आल्या आल्या?" नवरा चष्मा शोधू लागला. "इतक्या लवकर कशी? लॅब बुडाली का?"

"या अंगणात पूर्वी काय होतं?"

"कुठे?"

"इथे. मी यायच्या आधी. नळाजवळ."

"नळ कुठे होता तेव्हा. तिथे ते हे होतं... काय म्हणतात..." त्याने हवेत हाताने एक तोंड काढलं. "ते आपलं... भट्टी. बाबांची भट्टी. छपाईचे खिळे ओतायची."

"मामंजींचा छापखाना तर बाजारात होता."

"छापखाना बाजारात, पण खिळे इथे ओतायचे ना. झिजलेले जुने खिळे पोत्यांनी यायचे, इथे वितळवायचे आणि पुन्हा नवे ओतायचे. अ पासून ज्ञ पर्यंत. मी लहानपणी भाता मारायचो." तो खुशीत आला होता. खूप दिवसांनी कुणीतरी त्याला बाबांबद्दल विचारत होतं. "वर ती राखाडी साय यायची बघ, ती पळीनं काढायची आणि तिथेच खड्ड्यात. रोज. पुढे धंदा गेला, बाबांनी भट्टी पाडली, वर चार गाड्या चांगली काळी माती आणून ओतली. म्हणाले, आता इथे सून बाग करेल. तुझं लग्न ठरलं होतं ना. तुला सांगितलं नव्हतं का मी?"

"नाही."

"सांगितलं असेल. तू विसरली असशील." तो उठला आणि खिडकीच्या कट्ट्यावरून काहीतरी घेऊन आला. "हे बघ. अजून निघतात. मागच्या आठवड्यात बेडकीनं उकरून काढला. मी म्हटलं बघू काय अक्षर आहे, तर अक्षरच नाही, नुसता काना. धड एकटा वाचताही येत नाही!" तो हसला. त्याच्या तळहातावर बोटाच्या पेराएवढा करडा तुकडा होता, कडा गोल झालेल्या. कडा मातीने गोल झाल्या होत्या की चघळून, हे बाईंनी विचारलं नाही. त्याचा हात किंचित थरथरत होता. तो वर्षभर थरथरत होता. वयाचं असेल, असं त्या त्याला म्हणाल्या होत्या, आणि शब्द सापडत नाहीत त्याला, तेही वयाचंच.

"त्यात शिसं असतं," त्या म्हणाल्या.

"असतं की. आणि सुरमा, आणि ते हे... कथील. मग? मी याच अंगणात वाढलो. मला काय झालं?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच प्रश्न होता, मुलासारखा, उत्तराची वाट बघणारा. त्या बेडकीला कडेवर घेऊन आत गेल्या, दाराशी चपला काढल्या, मग थांबल्या, आणि घरभर उमटलेली पावलं पाहिली. त्यांची, त्याची, आणि ती इवलीशी, स्वयंपाकघरापर्यंत गेलेली. रोज संध्याकाळी त्या केर काढायच्या आणि केर अंगणात टाकायच्या. त्यांनी बेडकीला मोरीत उभं करून धुतलं. नखं कापली, प्रत्येक नख कागदावर घेतलं. पाणी काळं, मग मळकट, मग स्वच्छ वाहिलं. ते शेवटचं स्वच्छ पाणी बघून त्यांना जरा हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच त्यांना भीती वाटली. दिसण्यावर आता त्यांचा विश्वास राहिला नव्हता. बेडकी रडायची थांबली होती. ती ओल्या अंगाने त्यांच्याकडे बघत होती, डोळे मोठे, शांत, कुठेतरी त्यांच्या खांद्याच्या पलीकडे. "आजी म्हण," बाई म्हणाल्या. "म्हण ना राणी. आजी." बेडकीने हात पुढे केला. तिला दाराबाहेर जायचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर फार विचारलं नाही. किती दिवस, किती वेळा, एवढंच. किती वेळा, याला बाईंना आकडा सांगता आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी "रोज" असं मोघम उत्तर दिलं. "चार वाजता आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त काढावं लागेल. जास्त निघालं तर लगेच दाखल करायचं. आईला घेऊन या बरोबर. आईची सही लागेल आणि पुढचं तिच्याशीच बोलायला हवं." बाई म्हणाल्या, मी आजी आहे, मी... "आईला," डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या.

तीन वाजून गेले होते. बेडकी टॉवेलात गुंडाळून त्यांच्या मांडीवर होती, जड, गरम, अर्धवट झोपेत. बाहेर नवऱ्याने खुर्ची सावलीत सरकवल्याचा आवाज आला. बाईंनी लेकीचा नंबर फिरवला आणि घंटी वाजत असताना वाक्यं जुळवू लागल्या. घाबरू नकोस. हे वाक्य त्यांनी काढून टाकलं. तसं काही नाही, पण. हेही काढलं. त्यांच्या लक्षात आलं की समजावणीचं, मऊ, धीराचं जे जे म्हणून त्यांच्याजवळ होतं ते एकेक करून टाकून द्यावं लागतंय, आणि ते सगळं गेल्यावर उरलेलं फार थोडं आहे.

"बोल गं आई!" लेकीचा आवाज आला, मागे दुकानातली गडबड, कुणीतरी काचेच्या पेटीवर टकटक करत होतं. "थांब हं... हो, तीच फ्रेम, आरशात बघा... बोल. लॅबमधून का?"

"घरून."

"घरून? तू? या वेळेला?"

"रजा टाकली आज."

"तू रजा टाकलीस!" लेक हसायला लागली. तिचं हसणं बाईंसारखं नव्हतं, पुरं असायचं, तोंडभर. "तीस वर्षांत जे झालं नाही ते! काय गं, काय झालं? एवढी नेमाची बाई तू. काय, माती खाल्लीस की काय कामात?"

बाईंनी खाली पाहिलं. बेडकीचं तोंड किंचित उघडं होतं. दोन दातांच्या मधल्या फटीत, धुऊनही राहिलेली, एक बारीक काळी रेघ होती.

"मी नाही," त्या म्हणाल्या.

पलीकडे लेकीचं हसणं तसंच चालू होतं, एक क्षण, आणखी एक. मग ते मध्येच थांबलं. काचेवरची टकटक तेवढी ऐकू येत राहिली.